कमी लेखलेल्या हंगामाची जुनी लाल वाइन : चाखणे, समजणे आणि निर्णय करणे

पाठाचा हेतू

फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या लाल वाइनच्या बाटलीवर एक साल छापलेले असते. ते साल म्हणजे द्राक्षे ज्या वर्षी तोडली ते वर्ष. एकाच मळ्यातील, एकाच कारागिराने बनवलेल्या दोन बाटल्यांवर २००० आणि २००१ अशी साले असतील, तर बाजारात त्यांचे भाव वेगळे असतात आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा सूरही वेगळा असतो. २००० हे साल ‘मोठे’ समजले गेले. २००१ त्याच्या सावलीत राहिले. या पाठात आपण तीन प्रश्न घेणार आहोत. सालाची कीर्ती कशी ठरते? बंद बाटलीत वीस-पंचवीस वर्षांत नेमके काय घडते? आणि पेला समोर असताना, कीर्ती बाजूला ठेवून, प्रामाणिक निर्णय कसा करायचा?

माझा रोजचा विषय मोजमापाची साधने आणि त्यांतील चुका हा आहे. जीभ आणि नाक हीसुद्धा साधनेच आहेत. त्यांना संवेदनक्षमता आहे, मर्यादा आहेत आणि पूर्वग्रहही आहेत. म्हणून अभियांत्रिकी, रसायन, अन्नतंत्र किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्या कोणालाही हा विषय परका वाटू नये.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा पाठ समजण्यासाठी वाइन पिण्याची गरज नाही. मद्यपानाचे किमान वय आपल्या देशात राज्यागणिक वेगळे आहे, गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. व्यवसायाने चाखणारे लोकही बहुतेक वेळा घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. पाठाच्या शेवटी दिलेला सराव साध्या चहावर करता येतो.

१. हंगामाने काय बदलते?

बोर्दो अटलांटिक महासागराजवळ आहे. गारॉन आणि दॉर्दोन्य या दोन नद्या तेथे एकत्र येऊन जिरोंद ही खाडी बनते. खाडीच्या डाव्या काठावर, म्हणजे मेदोक भागात, जमीन गोट्यांची आणि रेताड आहे. तेथे काबर्ने सोव्हिन्यों ही उशिरा पिकणारी जात मुख्य असते. उजव्या बाजूला सँतेमिलियों आणि पोमेरोल येथे चिकणमाती व चुनखडी अधिक, आणि तेथे लवकर पिकणारी मेर्लो मुख्य असते.

समुद्राजवळच्या हवामानाचा भरवसा नसतो. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस झाला तर फळधारणा कमी होते. उन्हाळा थंड गेला तर साखर कमी आणि आम्ल जास्त राहते. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर द्राक्षे पाणी धरतात किंवा सडतात. काबर्ने नीट पिकली नाही तर तिच्यातील मेथॉक्सिपायराझीन गटातील संयुगे कमी होत नाहीत आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास राहतो.

आपल्याकडे नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाला हंगामाची अनिश्चितता समजावून सांगावी लागत नाही, फक्त त्याचे पंचांग वेगळे आहे. तेथे पावसाळा टाळण्यासाठी साधारण ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते आणि वाइनची द्राक्षे थंडी सरता सरता तोडली जातात. बोर्दोमध्ये हीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकला अवकाळी पाऊस आणि गारपीट यांची जी धास्ती, तीच बोर्दोला सप्टेंबरच्या पावसाची.

२. दोन शेजारी साले

२००० सालच्या उन्हाळ्याचा शेवट बोर्दोत उष्ण आणि कोरडा गेला. द्राक्षे भरपूर पिकली. वाइन गडद, दाट आणि पहिल्या घोटालाच छाप पाडणारी झाली. त्यात सालाचा आकडाही असा की जगभर लोकांना आठवण म्हणून बाटली हवी होती. मागणी वाढली, भाव चढले.

२००१ चा सप्टेंबर त्या मानाने थंड होता. द्राक्षे सावकाश पिकली. वाइनमध्ये आम्लाचा ताजेपणा जास्त आणि भरदारपणा थोडा कमी आला. काठाकाठाने आणि मळ्यामळ्याने फरक पडला. उजव्या काठावरच्या अनेक मेर्लोप्रधान वाइन उत्तम झाल्या. त्याच वर्षी सोतेर्न भागातील गोड पांढऱ्या वाइनचा हंगाम तर असामान्य मानला गेला. पण लाल वाइनच्या बाबतीत लोकांनी २००१ ची तुलना फक्त आदल्या वर्षाशी केली, आणि ते ‘ठीक’ म्हणून मागे पडले.

हा निर्णय कधी झाला, ते पाहा. बोर्दोमध्ये तोडणीनंतरच्या वसंत ऋतूत व्यापारी आणि समीक्षक पिंपातील वाइन चाखतात, गुण देतात, आणि त्यावर आगाऊ विक्री सुरू होते. वाइन बाटलीत भरून ग्राहकापर्यंत पोहोचायला त्यानंतर साधारण दीड-दोन वर्षे लागतात. म्हणजे जी वस्तू वीस वर्षांनी पूर्णत्वाला जायची आहे, तिची कीर्ती तिच्या पहिल्या सहा-सात महिन्यांत ठरते. त्या वयात दाट, गडद, गोडसर फळाची वाइन सहज नजरेत भरते. आम्ल आणि समतोल यांच्या बळावर पुढे जाणारी वाइन त्या रांगेत लाजाळू वाटते.

येथे संख्याशास्त्राची एक साधी चूकही घडते. ‘२००१ ला अमुक गुण’ असे म्हणताना आपण हजारो मळ्यांची सरासरी बोलतो. सरासरी थोडी कमी आणि विचलन मोठे असेल, तर त्या गटातील वरच्या टोकाची बाटली ‘मोठ्या’ सालातील मधल्या बाटलीपेक्षा सरस असणे अगदी स्वाभाविक आहे. गटाचा शिक्का व्यक्तीवर मारायचा नाही, हा नियम आपण सर्वेक्षणात शिकतो. बाटलीलाही तो लागू आहे.

३. बंद बाटलीतील रसायन

लाल वाइनचा रंग द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. हीच रंगद्रव्ये जांभळात आणि लाल कोबीतही असतात. आम्लात ती लाल दिसतात, आम्ल कमी झाले की निळी-जांभळी होतात. तुरटपणा येतो टॅनिनमुळे. टॅनिन साल, बिया आणि काही प्रमाणात ओकच्या पिंपातून उतरते.

वाइन मुरते तसतसे पुढील बदल होतात.

पहिला बदल रंगाचा. सुटी अँथोसायनिने टॅनिनशी जोडली जाऊन मोठी, अधिक टिकाऊ रंगद्रव्ये बनतात. त्यामुळे जांभळट लाल रंग हळूहळू विटकरी होतो. पेला तिरका धरला की हा विटकरी पट्टा कडेला आधी दिसतो.

दुसरा बदल तुरटपणाचा. टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि आम्लात काही बंध तुटतही राहतात. जोडणे आणि तुटणे दोन्ही चालू असते. काही मोठे रेणू विद्रावात राहू शकत नाहीत आणि साका होऊन तळाशी बसतात. तोंडाला जाणवणारा खरखरीतपणा या सगळ्याच्या परिणामाने मऊ होतो. ‘टॅनिन जोडले गेले, बसले, संपले’ हे पुस्तकी चित्र अपुरे आहे, एवढे लक्षात ठेवा.

तिसरा बदल गंधाचा. ताज्या फळाचा वास देणारी एस्टरे विघटित होतात. त्यांच्या जागी देवदाराचे लाकूड, तंबाखूचे पान, चामडे, अळंबी, पाऊस पडून गेल्यावरचा पालापाचोळा, सुके अंजीर असे वास पुढे येतात.

ऑक्सिजनचे काय? बुचातून तो अत्यंत कमी, वर्षाला साधारण मिलिग्रॅमच्या पातळीवर, आत येतो. थोडा हवा, जास्त घातक. म्हणून बाटली आडवी ठेवतात, बूच ओले आणि फुगलेले राहते. तापमान १२ ते १४ अंश सेल्सियसच्या आसपास आणि स्थिर असावे लागते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी येथे आऱ्हेनियसचे समीकरण आठवतील आणि म्हणतील, बाटली २८ अंशांवर ठेवली तर वीस वर्षांचे काम पाच-सात वर्षांत उरकेल की! तसे होत नाही. प्रत्येक अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा वेगळी असते. तापमान वाढले की सगळ्या अभिक्रिया एकाच पटीने वाढत नाहीत, त्यांचे परस्परांतील प्रमाण बिघडते. उष्णतेत वाइन लवकर ‘मुरत’ नाही. ती वेगळ्याच वाटेने जाते आणि शिजवलेल्या फळासारखी लागते. लोणच्याची बरणी उन्हात ठेवणे आणि चुलीवर चढवणे यांत जो फरक, तोच हा.

४. बाटली उघडण्यापूर्वी

अ) पातळी पाहा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत असेल तर उत्तम. खांद्याच्या खाली गेली असेल तर बूच गळके असण्याची किंवा साठवण उष्ण असण्याची शंका घ्यावी.

आ) बाटली किमान एक दिवस उभी ठेवा. साका तळाला बसू द्या.

इ) ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला युरोपातील जुन्या, थंड घरांचा आहे. नागपूरच्या किंवा चेन्नईच्या मे महिन्यातील खोलीला तो लागू नाही. वाइन १६ ते १८ अंशांवर असावी. जास्त गरम झाली तर मद्यार्काचा झोत नाकात जातो, फार थंड असली तर गंध मिटतात आणि तुरटपणा वाढतो.

ई) बूच सावकाश काढा. जुने बूच ठिसूळ असते. मग बाटलीच्या मानेमागे दिवा किंवा टॉर्च धरून वरची निवळ एका संथ धारेत दुसऱ्या काचपात्रात ओता. साक्याची रेघ मानेपाशी आली की थांबा. तरुण, राकट वाइनला तासन्‌तास हवा दिली तरी चालते. जुन्या वाइनचे नाजूक गंध अर्ध्या-पाऊण तासातही विरू शकतात, म्हणून ओतल्या ओतल्या एकदा हुंगून घ्यावे आणि मग थांबायचे की नाही ते ठरवावे.

५. पाहणे, हुंगणे, चाखणे

पेला एक तृतीयांशच भरा. पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मध्य किती गडद, कड किती विटकरी, वाइन निवळ की गढूळ, हे लिहा.

आता न हलवता हुंगा. मग पेला गोल फिरवून हुंगा. पहिल्या वेळी हलके गंध येतात, दुसऱ्या वेळी जड. येथे स्वतःच्या आठवणीतील शब्द वापरा. समीक्षकांच्या यादीत ब्लॅककरंट असते. ते फळ तुम्ही कधी पाहिले नसेल तर ते लिहू नका. जांभूळ, सुकी मनुका, चहाची कोरडी पत्ती, तंबाखूची पिशवी, जुन्या ग्रंथालयातील कपाट, यांतले जे खरोखर आठवले ते लिहा. खोटा अचूक शब्द खऱ्या ढोबळ शब्दापेक्षा वाईट.

मग छोटा घोट. तो जिभेवर सर्वत्र घोळवा. आम्ल ओळखायचे लाळेवरून: आंबटाने गालांच्या कडेला पाणी सुटते. टॅनिन ओळखायचे कोरडेपणावरून: लाळेतील प्रथिने टॅनिनशी बांधली जातात, वंगण कमी होते, जीभ टाळूला घासते. म्हणजे तुरटपणा ही बव्हंशी स्पर्शाची जाणीव आहे. येथे मराठी बोलणाऱ्याला एक सोय आहे. आवळा, सुपारी, कच्चे केळे यांच्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा स्वतंत्र, रोजचा शब्द आहे, आणि आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला आहे. कडू आणि तुरट यांची गल्लत आपण सहसा करत नाही.

शेवटी, घोट गेल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारा: आम्ल, टॅनिन, मद्यार्क आणि फळ यांपैकी कोणी एकटा बाकीच्यांवर ओरडतो आहे का?

चांगल्या २००१ मध्ये, विशेषतः उजव्या काठावरच्या, फळ आता पुढे धावत नाही. ताजेपणा टिकलेला असतो, टॅनिन मखमली झालेले असते आणि देवदार-तंबाखूचे गंध सावकाश उलगडतात. जो आम्लपणा तरुणपणी उणीव वाटला, त्यानेच वाइनला इतकी वर्षे उभे ठेवलेले असते.

६. वय की दोष?

जुन्या वाइनच्या प्रत्येक विचित्र वासाला ‘परिपक्वता’ म्हणण्याचा मोह होतो. पुढील खुणा लक्षात ठेवा.

• भिजलेला पुठ्ठा, कोंदट तळघर : बुचातून आलेले ट्रायक्लोरोअॅनिसोल. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. हा दोष आहे.

• डागाळलेले, तपकिरी पडलेले सफरचंद आणि निस्तेज तपकिरी रंग : अति ऑक्सिडीकरण.

• व्हिनेगर किंवा नखांचे रंग पुसण्याच्या द्रवाचा वास : अॅसिटिक आम्ल आणि इथाइल अॅसिटेट. किंचित असेल तर चालते, तीव्र असेल तर दोष.

• घोड्यांचा तबेला : ब्रेटानोमायसीस ही यीस्ट. अल्प प्रमाणात काहींना आवडते, जास्त झाली की सगळे मळे सारखेच लागतात.

बाटली दोषी असेल तर तो दोष त्या बाटलीच्या खात्यावर घालावा, सालाच्या नाही.

७. लेबल दिसले की जीभ बदलते

२००१ सालीच प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगायला हवा. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय या संशोधकांनी बोर्दो विद्यापीठातील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन देऊन गंधांचे शब्द निवडायला सांगितले. पुढच्या सत्रात तीच पांढरी वाइन दोन पेल्यांत दिली. एका पेल्यात गंधहीन लाल रंग मिसळलेला होता. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला उत्तर सांगितले.

रंगाने हे होते, तर लेबलवरील सालाने का होणार नाही? म्हणून पेले झाकून, क्रमांक घालून चाखण्याची पद्धत आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर यांनी अशाच आंधळ्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांसमोर कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन ठेवल्या. लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३ पहिली आली. आक्षेप असा आला की कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी छाप पाडतात, पण टिकणार नाहीत. बरोबर तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली कॅलिफोर्नियाचीच रिज माँटे बेलो १९७१. आक्षेप तपासता येण्याजोगा होता, आणि तो तपासला गेला. शास्त्रीय वृत्तीची एवढीच मागणी असते.

८. वाइनशिवाय सराव : तीन पेल्यांची चाचणी

एकच चहापत्ती घ्या. एक चहा तीन मिनिटे आणि दुसरा चार मिनिटे मुरवा. दूध-साखर नको. दोन्ही गाळून सारख्या तापमानाला येऊ द्या. मित्राला तीन पेले भरायला सांगा: दोन एकाच चहाचे, एक वेगळा. डोळे बांधून वेगळा ओळखायचा.

नुसता अंदाज मारला तरी उत्तर बरोबर येण्याची शक्यता १/३. सहा फेऱ्यांत चार किंवा अधिक वेळा केवळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७३/७२९, म्हणजे सुमारे १० टक्के. पाच किंवा अधिक वेळा येण्याची १३/७२९, म्हणजे सुमारे १.८ टक्के. तेव्हा चार बरोबर आल्यावर ‘मला कळते’ म्हणून मिरवू नका. पाच आले तर तुमच्या जिभेवर विश्वास ठेवायला जागा आहे.

९. निर्णय लिहिताना

निरीक्षण आणि मत वेगळ्या ओळीत लिहा. ‘कड विटकरी, तंबाखूचा वास, टॅनिन मऊ, चव वीस सेकंद रेंगाळली’ हे निरीक्षण. ‘आवडली’ हे मत. ‘२००० इतकी भव्य नाही’ हे दोन्हींपैकी काहीच नाही, कारण समोर २००० ची बाटली नाही. समोर जे आहे त्याच्याबद्दल लिहावे, त्याच्या शेजाऱ्याबद्दल नाही.

कमी लेखलेल्या हंगामाचे खरे शैक्षणिक मूल्य येथे आहे. नावाजलेल्या सालाच्या बाटलीपुढे आपण होकार भरायला आधीच तयार असतो. कीर्ती नसलेली बाटली आपल्याला स्वतःच्या नाका-जिभेवर सोडते. वर्गात पहिल्या सत्राच्या गुणांवरून मुलांची रांग लावून मोकळे होणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही हा पाठ अधूनमधून उघडून पाहायला हरकत नाही.

स्वाध्याय

१. साठवणीचे तापमान १३ अंशांवरून २८ अंशांवर नेल्यास वाइनचे मुरणे ‘फक्त वेगवान’ का होत नाही? सक्रियण ऊर्जेच्या आधारे स्पष्ट करा.

२. दोन सालांच्या गुणांची सरासरी आणि विचलन दिले असता, कमी सरासरीच्या सालातील बाटली सरस ठरण्याची शक्यता कशी काढाल? कोणती गृहीतके लागतील?

३. तीन पेल्यांच्या चाचणीच्या नऊ फेऱ्या घेतल्यास, नशिबाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी राहण्यासाठी किमान किती उत्तरे बरोबर हवीत?

४. आवळा, कारले आणि लिंबू चाखून प्रत्येकी तीन ओळी लिहा. ‘आंबट’, ‘तुरट’ व ‘कडू’ हे शब्द न वापरता, तोंडात काय घडले एवढेच नोंदवा.